विमान उडाले, पण पंखा समतोल होता का?

काही दिवसांपूर्वी नारायण पेठेत शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात 'फिरणाऱ्या वस्तूंचे संतुलन' या विषयावर बोलण्याचा योग आला. विषय जड वाटू नये म्हणून आम्ही डोक्यावरच्या छताच्या पंख्यापासूनच सुरुवात केली. तो पंखा चांगलाच डोलत होता. एका पात्यावर चिकटपट्टीने रुपयाचे नाणे चिकटवले, तर तो अधिकच डोलू लागला. तेच नाणे दुसऱ्या पात्यावर चिकटवले आणि पंखा बऱ्यापैकी शांत झाला. मंडळी खूश झाली, चहा आला, आणि आमचे काम झाले असे आम्हाला वाटले.

चहा घेता घेता एक शिक्षिका जवळ आल्या. त्यांच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी 'घरी बांधलेली विमाने' या विषयावर भित्तिपत्रक केले होते. त्याचे फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवले आणि विचारले, "यातला पहिला मजकूर ठेवू की काढू, एवढे सांगा. मुलांनी फार मेहनत केली आहे हो."

भित्तिपत्रकात तीन मजकूर होते. पहिला शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर. त्यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असा. दुसरा मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यावर. तिसरा परदेशातल्या हौशी विमानबांधणीकारांवर, जे मोटारीतले रोटरी इंजिन काढून आपल्या विमानाला बसवतात. त्या तिसऱ्या मजकुराच्या खाली मुलांनी ठळक अक्षरांत लिहिले होते : 'रोटरी इंजिनात कंपन नसते, म्हणून त्याचे विमान अगदी शांत चालते.'

पहिल्या मजकुराबद्दल आम्ही लगेच म्हणालो, "काढून टाका." मग नजर तिसऱ्यावर गेली आणि आम्ही गप्प झालो. कारण ते ठळक वाक्य जवळजवळ जसेच्या तसे आमचेच होते. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात आम्ही ते टाळ्यांसाठी म्हटले होते, आणि बाईंनी ते वहीत उतरवून घेतले होते. एक मजकूर चुकीचा म्हणून काढायचा तर दुसराही काढायला हवा. तेव्हा बाईंना "थोडा वेळ द्या" म्हणालो. हा लेख म्हणजे त्या भित्तिपत्रकाचे, आणि ते ज्या गोष्टींवरून तयार झाले त्या गोष्टींचे, आम्ही केलेले परीक्षण आहे. आपल्या चुकीपासूनच सुरुवात करणे बरे.

'कंपन नसते' या वाक्यात काय चुकले?

आधी एक घोटाळा दूर करू. 'रोटरी इंजिन' हे नाव दोन अगदी वेगळ्या यंत्रांना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांत जे रोटरी इंजिन असे, त्यात मधला दंड विमानाला पक्का जोडलेला असे आणि त्याभोवती सगळे सिलिंडर गरगर फिरत. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचे ५० अश्वशक्तीचे, सात सिलिंडरांचे 'नोम' इंजिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रोपेलर या फिरत्या इंजिनालाच बोल्टांनी आवळलेला असे. तिथे प्रोपेलरचे संतुलन आणि इंजिनाचे संतुलन या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नसत.

मुलांच्या भित्तिपत्रकातले इंजिन ते नव्हे. ते जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाचे. त्याचा पहिला नमुना १९५७ साली चालला, आणि १९६७ पासून जपानच्या माझदा कंपनीने दोन रोटरांचे असे इंजिन मोटारीत बसवले. यात वरखाली होणारा दट्ट्या नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. इंजिनाच्या मुख्य दंडाचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक फेरा पुरा होतो. भाग कमी, आकार लहान, वजन बेताचे. मोडीत निघालेल्या मोटारीतून ते मिळते. हौशी माणसाला मोह न पडला तरच नवल.

आता चूक पाहू. दट्ट्या नाही म्हणजे मागेपुढे होणारे वजन नाही, हे खरे. पण रोटर आपल्या मध्याभोवती नुसता फिरत नाही, त्याचा मध्यच दंडाच्या आसाभोवती एका लहान वर्तुळात फिरतो. माझदाच्या इंजिनात या वर्तुळाची त्रिज्या १५ मिलिमीटर असते. मुख्य दंड मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर कोनीय वेग सेकंदाला ६२८ रेडियन होतो. त्याचा वर्ग करून ०.०१५ मीटरने गुणले की त्वरण मिळते सुमारे ५,९०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सहाशेपट! रोटरचा प्रत्येक किलो सुमारे सहाशे किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असतो.

मग इंजिन उन्मळून का पडत नाही? कारण दोन्ही रोटर एकमेकांच्या अगदी उलट दिशेला, १८० अंशांवर बसवलेले असतात. एकाची ओढ दुसरा खोडून काढतो. पण दोघे एकाच जागी नाहीत, दंडावर एकामागे एक आहेत. त्यामुळे ओढ खोडली गेली तरी इंजिनाचे नाक आणि शेपूट आळीपाळीने हलवू पाहणारा पीळ उरतो. तो मारण्यासाठी दंडाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला मुद्दाम एकेक प्रतिवजन बसवतात. म्हणजे रोटरी इंजिनाचा शांतपणा हा संतुलनाची गरज नसल्याचा पुरावा नाही. संतुलन आधीच फार काळजीपूर्वक केले आहे, याचा तो पुरावा आहे. आमच्या वाक्याने नेमके उलटे शिकवले होते.

ही चूक केवळ शब्दांची नाही. काही मोटारींत मागचे प्रतिवजन जड फ्लायव्हीलमध्येच सामावलेले असते. विमानात वजन वाचवायचे म्हणून हौशी कारागीर ते फ्लायव्हील काढतो आणि हलकी तबकडी लावतो. 'या इंजिनात कंपन नसतेच' अशी त्याची समजूत असेल, तर फ्लायव्हीलबरोबर प्रतिवजनही गेले हे त्याच्या ध्यानात येणार नाही. वेगळे प्रतिवजन बसवायचे राहिले, तर पुढे प्रोपेलर कितीही तोलला तरी उपयोग नाही.

दोषी कोण, हे वारंवारता सांगते

वांकेल इंजिन जोरात फिरते तेव्हाच ताकद देते. प्रोपेलरला मात्र तेवढा वेग चालत नाही. पावणेदोन मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाच्याही पुढे जाईल. म्हणून मध्ये गिअरबॉक्स घालतात. समजा, इंजिनाच्या २.८५ फेऱ्यांना प्रोपेलरचा एक फेरा होतो. मग इंजिनाचा दंड सेकंदाला १०० फेरे घेत असताना प्रोपेलर सुमारे ३५ फेरे घेईल.

विमानाची चौकट थरथरते आहे. दोषी कोण? इथे फार सुंदर पदार्थविज्ञान आहे. प्रोपेलरच्या एका बाजूला वजन जास्त असेल तर थरथर प्रोपेलरच्या फेऱ्याबरोबर, म्हणजे सेकंदाला ३५ वेळा होईल. इंजिनाचा दंड किंवा त्याची प्रतिवजने बिघडली असतील तर ती सेकंदाला १०० वेळा होईल. प्रत्येक रोटर दंडाच्या दर फेऱ्याला एक स्फोट-धक्का देतो, तेव्हा दोन रोटरांचे धक्के सेकंदाला २०० येतील. थरथर किती वेळा होते हे मोजले की गुन्हेगार आपले नाव स्वतःच सांगतो. थेट जोडलेल्या इंजिनात हे सुख नाही. तिथे दंड आणि प्रोपेलर एकाच वेगाने फिरत असल्याने दोघांची थरथर एकमेकांत मिसळून जाते.

पण सुखातही एक फट आहे. रोटर स्वतः दंडाच्या एकतृतीयांश वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला ३३.३ फेरे. त्याच्या तीनपैकी एका बाजूचे सील झिजले आणि तिथला स्फोट कमजोर झाला, तर त्याची थरथर सेकंदाला ३३.३ वेळा होणार. प्रोपेलरची ३५.१. दोन्ही इतक्या जवळ की कानाला किंवा बुडाखालच्या खुर्चीला फरक कळणे शक्य नाही. फक्त दोन्ही थरथरी एकत्र आल्या की सेकंदाला पावणेदोन वेळा चढउतार जाणवेल. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळपास जुळल्या, पण पुऱ्या जुळल्या नाहीत, की जी लाट ऐकू येते, तीच ही. अशा वेळी जो माणूस अंदाजाने 'प्रोपेलरच बिघडला' म्हणून त्याला वजने लावत बसेल, तो इंजिनाचा आजार झाकून टाकील. मोजणारे यंत्रही काही सेकंद तरी सलग ऐकत राहिले पाहिजे, तरच ते या दोघांना वेगळे काढू शकते.

तोलायचे कसे?

प्रोपेलर तोलण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला स्थिर संतुलनाचा. प्रोपेलरच्या मधल्या भोकात सरळ दंड घालायचा आणि तो दोन समपातळीतल्या, सुरीच्या धारेसारख्या कडांवर ठेवायचा. जड बाजू खाली जाते. लाकडी प्रोपेलर असेल तर हलक्या टोकाला वार्निशचा एखादा हात जास्त द्यायचा. वर्गात हेच विणकामाची सुई, दोन काचेचे पेले आणि पुठ्ठ्याचे पाते घेऊन करता येते.

पण एवढ्याने भागत नाही. टायरवाला आपल्या गाडीचे चाक यंत्रावर गरगर फिरवून मगच त्याच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकतो, ते उगीच नाही. प्रोपेलर इंजिनावर चढला की त्याच्याबरोबर शंकू, बोल्ट आणि गिअरबॉक्सचा दंडही फिरू लागतात, आणि प्रत्येकाची चूक त्यात मिळते. मिनिटाला २,४०० फेरे घेणाऱ्या प्रोपेलरवर आसापासून १५ सेंटिमीटर अंतरावर फक्त १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ओढ होते सुमारे ९५ न्यूटन. म्हणजे जवळजवळ दहा किलो वजनाचे पोते, दर सेकंदाला चाळीस वेळा दिशा बदलत, इंजिनाला हिसके देत राहणार. आमच्या प्रयोगशाळेत अपकेंद्री यंत्रात नळ्या ठेवताना समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे करूनच झाकण लावायचे, हा पहिला धडा असतो. तो विसरणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला यंत्र स्वतःच ओरडून आठवण देते.

म्हणून दुसरा टप्पा गतिक संतुलनाचा. इंजिनाच्या पुढच्या भागावर कंपनमापक बसवतात. एका पात्यावर चमकणारी पट्टी चिकटवतात. तिच्यावर प्रकाश टाकून प्रत्येक फेरा कधी सुरू झाला ते कळते. कंपन किती आहे आणि ते फेऱ्याच्या कोणत्या क्षणी टोकाला पोहोचते, या दोन गोष्टी मिळाल्या की कोठे आणि किती वजन लावायचे ते काढता येते. हे वजन म्हणजे बहुधा शंकूमागच्या तबकडीला स्क्रूने आवळलेले काही वॉशर. कंपनाचा वेग सेकंदाला १.८ मिलिमीटरच्या खाली आला, तर काम उत्तम झाले असे कारागीर समजतात. ५ मिलिमीटरच्या वर असेल तर तोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चमकणारी पट्टी आणि तिचे यंत्र नसेल तर? तरीही नुसत्या कंपासपेटीने काम होते. आमच्या मते शाळेसाठी हा या विषयातला सर्वांत मोलाचा भाग आहे. समजा, मूळ कंपन १० एकक आहे. १० एकक त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्याच्या परिघावर ०, १२० आणि २४० अंशांवर तीन खुणा करा. आता २० ग्रॅमचे चाचणी-वजन प्रोपेलरच्या तबकडीवर या तीन जागी पाळीपाळीने लावा आणि दर वेळी कंपन मोजा. समजा, मापे आली ८.७, ८.७ आणि १५. पहिल्या खुणेवर कंपासचे टोक ठेवून ८.७ त्रिज्येचा कंस काढा, दुसऱ्या खुणेवरूनही ८.७ चा, तिसऱ्यावरून १५ चा. तिन्ही कंस एका बिंदूत भेटतात. हा बिंदू मूळ वर्तुळाच्या मध्यापासून ५ एकक दूर आणि ६० अंशांच्या दिशेला सापडेल. अर्थ असा, की २० ग्रॅमचा परिणाम ५ एकक आहे, तर १० एकक खोडण्यासाठी ४० ग्रॅम हवेत, आणि ते ६० अंशांवर लावले पाहिजेत. बस्स. चार वेळा इंजिन चालवायचे, चार आकडे लिहायचे, भूमितीची एक आकृती काढायची. कंस एका बिंदूत भेटलेच नाहीत तर? मग माप चुकले, किंवा दोष प्रोपेलरच्या वजनात नाही. पद्धत चुकली की पद्धतच ते सांगते.

याच कसोटीवर तळपदे

आता पहिला मजकूर. नारायण पेठेत आमचा मेळावा भरला त्या जागेपासून केसरीवाडा हाकेच्या अंतरावर. तळपदे यांच्या गोष्टीत 'केसरी'चे नाव हटकून येते. त्यात उड्डाणाची बातमी छापून आली होती, असे सांगतात. (हा वाडा मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा. टिळकांनी तो १९०५ साली घेतला, म्हणजे १८९५ च्या अंकाशी या इमारतीचा संबंध नाही.) न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज तिथे हजर होते, विमान दीड हजार फूट वर गेले आणि खाली आले, असेही सांगतात. ही गोष्ट आम्ही ज्या ज्या लेखांत वाचली, त्यांत बातमीचा मजकूर आणि अंकाची तारीख आढळली नाही. एका लेखकाने दुसऱ्याचे वाचून लिहायचे, तिसऱ्याने दोघांचे, असा तो प्रवास आहे.

पण आपण पुराव्याचा वाद क्षणभर बाजूला ठेवू आणि कारागिराचा प्रश्न विचारू. या यंत्राला पुढे ढकलणारे काय होते? त्याला पाती असतील तर ती कोणी, कशी तोलली? गोष्टींत पाऱ्यावर चालणारे इंजिन असते. पारा तापवून किंवा फिरवून उड्डाण करणाऱ्या त्या इंजिनाचे वजन, वेग, ताकद यांतला एकही आकडा नाही. पारा अॅल्युमिनिअमला लागला तर धातू कुरतडतो, म्हणून आजच्या विमानांत त्याची सांडलवंड फार धोकादायक समजतात, हे या गोष्टी सांगणाऱ्यांच्या गावीही नसते. शिवाय बहुतेक गोष्टींप्रमाणे या विमानात माणूस नव्हताच. मग तुलना राइट बंधूंशी कशी? बिनमाणसाचे वाफेचे विमान अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी सुमारे एक किलोमीटर उडवले होते. राइट बंधूंचे यश निराळे. त्यात माणूस होता आणि विमान त्याच्या ताब्यात होते.

राइट बंधूंच्या कागदपत्रांत आमच्या विषयाला फार जवळची एक नोंद आहे. १९०३ च्या नोव्हेंबरात इंजिनाच्या धक्क्यांनी त्यांच्या प्रोपेलरचे पोकळ दंड निकामी झाले. दुरुस्त केले, तर पुन्हा तडा. ऑर्व्हिल राइट किटी हॉकहून डेटनला परत गेले, भरीव पोलादी दंड करून घेऊन आले, आणि १७ डिसेंबरला उड्डाण झाले. खऱ्या गोष्टीत असा तडा असतो, वाया गेलेला महिना असतो. तळपदे यांच्या गोष्टीत काहीच तुटत नाही.

२०१५ च्या जानेवारीत तळपदे यांच्यावरचा 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. त्याच महिन्यात मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला होता. चित्रपट म्हणून त्याने कल्पनेचे पंख लावावेत, याला आमची हरकत नाही. आयुष्मान खुराना यांचा तळपदे वेडा आणि लोभस आहे, आणि मुलांना वेडे संशोधक आवडतात ही चांगलीच गोष्ट आहे. हरकत आहे ती संशोधनाच्या चित्राला. तिथे ग्रंथ आणि गुरू मिळाले की यंत्र उडते. मोजणे, चुकणे, पुन्हा मोजणे यांना त्यात जागा नाही.

या गोष्टींना ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार देतात, त्याचे परीक्षण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी १९७४ सालीच केले आहे. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. त्याची भाषा तपासली, तो कसा लिहिला गेला ते शोधले आणि १९०४ च्या मागे त्याला नेता येत नाही असे दाखवले. मग त्यातल्या विमानांची मापे घेऊन सरळ गणित केले. ही विमाने उडू शकत नाहीत, हा निष्कर्ष त्या गणितातून निघाला. परीक्षण कसे करावे याचा तो उत्तम धडा आहे.

आणि गच्चीवरचे विमान

दुसरा मजकूर वाचून मन भरून आले. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाल्याच्या बातम्या आल्या. इथे तारखा आहेत, नोंदणी आहे, यंत्र डोळ्यांनी पाहता येते. तळपदे यांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट सर्वस्वी वेगळ्या जातीची आहे, आणि दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या की खरीचे मोल कमी होते.

तरीही एक तक्रार आहे, यादव यांच्याबद्दल नव्हे, त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांबद्दल. वृत्तपत्रांत आम्ही जे वाचले त्यात जिना, गच्ची, कर्ज आणि परवान्यासाठी घातलेले खेटे होते. बांधणीचा एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. प्रोपेलर कसा तोलला? पहिल्यांदा इंजिन चालू केले तेव्हा काय थरथरले? कोणता भाग उलगडून पुन्हा बसवावा लागला? इंजिन कोणत्याही जातीचे असो, विमान बांधणाऱ्या प्रत्येकाकडे याची उत्तरे असतातच. आपण ती विचारत नाही, म्हणून मुलांच्या मनात घरी विमान बांधणे म्हणजे जिद्द अधिक परवाना, एवढेच समीकरण उरते. जिद्द हवीच. पण ४० ग्रॅम कोणत्या अंशावर लावायचे, ते जिद्द सांगत नाही.

बाईंना काय कळवले?

आठ दिवसांनी आम्ही बाईंना फोन केला. कोणताच मजकूर काढू नका, म्हणालो. प्रत्येकाच्या खाली एक कोरा कागद लावा आणि मुलांना तीन प्रश्नांची उत्तरे शोधून लिहू द्या : काय मोजले? कोणी नोंदवले? आधी काय बिघडले होते? आणि रोटरी इंजिनाखालचे आमचे वाक्य त्यांनी लाल शाईने दुरुस्त करावे, चूक कोणाची होती हेही लिहावे, अशी आम्ही विनंती केली.

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तळपद्यांचा कागद कोराच राहिला तर मुले हिरमुसतील." त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. ज्या मुलाने तो मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला, त्याला आपल्या मातीतल्या माणसाचा अभिमान वाटला होता. तो अभिमान आपण उगीच हिसकावून घेऊ नये. त्याला दुसरी जागा द्यावी. म्हणून त्या मुलाच्या हाती एक प्रयोग द्या, असे सुचवले.

प्रयोग साधा आहे. खेळण्यातली छोटी मोटर लाकडाच्या पातळ फळीवर पक्की बसवा. तिच्या दंडावर पुठ्ठ्याची गोल तबकडी बसवा आणि तिच्या कडेला एका जागी मेणाचा लहानसा गोळा लावून ती मुद्दाम असमतोल करा. फळीवर मोबाइल फोन ठेवा. फोनमधल्या त्वरणमापकाचे आकडे दाखवणारी मोफत अॅप मिळतात. मोटर प्रत्येक वेळी एकाच वेगाने फिरेल असे पाहा. मूळ कंपन लिहा, मग मेणाचा दुसरा, वजन केलेला गोळा तीन जागी लावून तीन मापे घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे कंस काढा. तबकडी धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची घेऊ नये, डोळ्यांवर चष्मा असावा आणि फिरत्या तबकडीच्या पातळीत कोणी तोंड आणू नये.

कंस पहिल्याच वेळी एका बिंदूत भेटणार नाहीत. आमचेही भेटले नाहीत. दोन कंसांच्या मध्ये बोटभर जागा उरली, कारण मोटरचा घट कमजोर होत चालला होता आणि वेग घसरला होता. घट बदलल्यावर ती जागा मुगाच्या दाण्याएवढी झाली. आपल्या वर्गात हा प्रयोग केलात तर चारही मापे आणि आकृती आमच्याकडे अवश्य पाठवा, न जमलेल्या प्रयत्नांसकट.